ट्रॅक्टरची हमी संपण्यापूर्वी

बाजारात बैल घेताना आपला शेतकरी किती सावध असतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला निराळे सांगावयास नको. तो दात पाहतो, खूर पाहतो, खांद्यावरून हात फिरवतो, चार पावले चालवून बघतो आणि जमल्यास जुंपून पाहिल्यावाचून पैसे मोजत नाही. परंतु तोच शेतकरी बैलजोडीच्या कितीतरी पट किमतीचा ट्रॅक्टर घरी आणतो, त्याला हार घालतो, नारळ फोडतो आणि त्याच्याबरोबर मिळालेले सर्व्हिस बुक देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवून देतो. ते पुस्तक पुन्हा उघडले जाते ते यंत्र बिघडल्यावर. आणि पुष्कळदा तोपर्यंत हमीची मुदत संपून गेलेली असते.

या लेखात मला एकच गोष्ट आग्रहाने मांडावयाची आहे. हमीच्या मुदतीत दिसलेला दोष मुदतीतच, आणि तोही कागदावर, नोंदविला गेला पाहिजे. शेतकऱ्याला त्या कामी साहाय्य करणे हे आपल्या विस्तारकार्याचेच एक अंग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हमी ही मेहेरबानी नव्हे

हमी, अथवा आपण सर्वजण जिला वॉरंटी म्हणतो ती, विक्रेत्याने दाखविलेला मोठेपणा नव्हे. यंत्राच्या घडणीत किंवा मालात दोष निघाल्यास तो ठराविक मुदतीत विनामूल्य दूर करून देण्याचा तो करार आहे, आणि त्या कराराचे मोल आपण ट्रॅक्टरच्या किमतीतच भरलेले असते. म्हणून शोरूमच्या वर्कशॉपमध्ये तक्रार घेऊन जाणारा शेतकरी काही मागावयास जात नाही. जे त्याचे आहे ते घ्यावयास जातो.

असे असूनही तक्रार करताना आपल्या शेतकऱ्याला संकोच वाटतो. विक्रेता ओळखीचा असतो, कधी नात्यागोत्यातला असतो, कधी त्यानेच कर्जाची कागदपत्रे धावपळ करून जमविलेली असतात. अशा माणसाला लेखी तक्रार द्यावयाची म्हणजे भांडण काढल्यासारखे होईल, असे मनात येते. शिवाय पेरणीच्या वा नांगरटीच्या घाईत यंत्र दोन दिवस वर्कशॉपमध्ये उभे करणे परवडत नाही. "नवे आहे, चालून चालून बसेल," असे फिटरने सांगितले की मनाचे समाधान होते. भीड, घाई आणि हे समाधान या तिन्ही गोष्टींनी मिळून हमीचे दिवस निघून जातात.

एक अनुभव

माझ्या कार्यक्षेत्रात सहा एकर जमीन असलेले एक गृहस्थ आहेत. त्यांनी कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला. पहिल्याच वर्षी भारी जमिनीत पलटी नांगर चालविताना त्यांच्या ध्यानात आले की, बांधावर वळताना उचललेला नांगर वर राहत नाही, हळूहळू खाली येतो. त्यांनी शोरूमला तोंडी सांगितले, पुढे फोन केले. एकदा फिटर मोटारसायकलवरून शेतावर आला, त्याने काहीतरी आवळले, चहा घेतला आणि तो निघून गेला. कागद असा एकही झाला नाही. पुढे हमी संपली. त्यानंतर ऐन रब्बीच्या मशागतीत लिफ्टने उचलणे जवळजवळ बंद केले. वर्कशॉपमध्ये ती उघडण्यात आली आणि ३२,००० रुपयांचे बिल त्यांच्या हातात पडले. त्यांनी पूर्वीच्या तक्रारींची आठवण करून दिली, तेव्हा काउंटरवरील माणसाने शांतपणे सांगितले की, संगणकात अशी कोणतीही नोंद नाही.

ते कागदपत्रे घेऊन माझ्याकडे आले. सर्व्हिस बुक पाहता पहिल्या दोनच सर्व्हिसिंगचे शिक्के होते. तिसरी त्यांनी गावातल्या मिस्त्रीकडून करून घेतली होती आणि तेल कोणते घातले याची पावती नव्हती. म्हणजे चूक एकट्या शोरूमची नव्हती. पण मला अधिक बोचले ते निराळेच. त्याच हंगामात पेरणीयंत्राच्या प्रात्यक्षिकासाठी मी त्यांच्या शेतावर गेलो होतो. नांगर खाली येतो हे त्यांनी मला त्या वेळी सांगितले होते, आणि मी "शोरूमला सांगा" एवढेच म्हणून पुढच्या कामाला लागलो होतो. त्या दिवशी बांधावर बसून चार ओळींचा अर्ज मी त्यांच्याकडून लिहवून घेतला असता, तर कदाचित ते बिल भरण्याची पाळी त्यांच्यावर आली नसती. हा लेख लिहिण्यास ती टोचणीच कारण झाली आहे.

याच्या उलट उदाहरणही माझ्या पाहण्यात आहे. शेजारच्याच गावातील एका भगिनीने ट्रॅक्टरच्या नावाने एक साधी वही घातली होती. हमी संपण्यास तीन आठवडे असताना गिअरबॉक्सच्या बाजूने तेल पाझरत असल्याचे त्यांना दिसले. त्यांनी त्याच दिवशी ते जॉबकार्डावर लिहवून घेतले. लागणारा भाग वर्कशॉपमध्ये नव्हता. तो येईपर्यंत मुदत उलटून गेली. तरीही काम विनामूल्य झाले, कारण जॉबकार्डावर मुदतीच्या आतील तारीख होती. दोघांच्या यंत्रांत फार फरक नव्हता. फरक होता तो एका कागदाचा.

विक्रेत्याची बाजू

सर्व दोष विक्रेत्यांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. विक्रेता हा यंत्र बनविणारा नव्हे. हमीतील दुरुस्ती तो कंपनीच्या वतीने करतो आणि तिचा खर्च त्याला कंपनीकडून वसूल करावा लागतो. त्यासाठी यंत्र किती तास चालले, नियमित सर्व्हिसिंग झाली होती काय, दोष केव्हा आणि कसा दिसला, ही माहिती त्याला द्यावी लागते. बदललेला जुना भागही पुष्कळदा कंपनीस दाखवावा वा परत पाठवावा लागतो. नोंदी अपुऱ्या असल्या तर खर्च त्याच्याच अंगावर पडण्याचा संभव असतो. मग तोंडी तक्रारीवर वर्कशॉपने टाळाटाळ केली, तर त्यात नवल ते काय?

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. लेखी तक्रार हे विक्रेत्याविरुद्ध उगारलेले शस्त्र नव्हे. कंपनीकडून मंजुरी मिळविण्यासाठी त्यालाही तोच कागद हवा असतो. म्हणून अर्ज देताना आवाज चढविण्याचे कारण नाही आणि मान खाली घालण्याचेही कारण नाही. ज्या शेतकऱ्याच्या नोंदी नीट असतात, त्याचे काम करणे वर्कशॉपलाही सोयीचे जाते.

तास आणि तारीख

हमीची मुदत केवळ वर्षांत मोजली जात नाही, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ट्रॅक्टरच्या हमीपत्रावर वर्षे आणि तास अशा दोन्ही मर्यादा दिलेल्या असतात, आणि त्यांपैकी जी आधी पूर्ण होईल ती लागू होते. समजा, हमी दोन वर्षे अथवा २,००० तास अशी आहे. जो शेतकरी केवळ स्वतःची जमीन कसतो, त्याची वर्षे आधी भरतील. पण जो भाड्याने रोटाव्हेटर मारतो, त्याचा ट्रॅक्टर दररोज ८ तासांप्रमाणे वर्षातून १५० दिवस चालला, तर वर्षाकाठी १,२०० तास होतात. अशा यंत्राची हमी तारखेप्रमाणे नव्हे, तर तासांप्रमाणे सुमारे वीस महिन्यांतच संपते. अशा मालकाने कॅलेंडरपेक्षा तासांच्या मीटरवर अधिक लक्ष ठेवले पाहिजे. तो मीटर बंद पडला असल्यास ती तक्रार सर्वांत आधी नोंदवावी. कारण तास सिद्ध करता आले नाहीत तर पुढील प्रत्येक मागणी वादात सापडते.

त्याचप्रमाणे संपूर्ण यंत्रावर एकसारखी हमी असते असेही नाही. टायर, बॅटरी यांची हमी बहुधा ते बनविणाऱ्या कंपन्यांची असते आणि तिची मुदत व अटी निराळ्या असतात. फिल्टर, क्लच प्लेट, ब्रेकचे लायनर असे वापराने झिजणारे भाग सामान्यतः हमीत बसत नाहीत. मोफत सर्व्हिसिंगमध्ये पुष्कळदा फक्त मजुरी मोफत असते, तेल व फिल्टरचे पैसे द्यावे लागतात; ते वाचविण्यासाठी सर्व्हिसिंग टाळणे म्हणजे दोरी वाचविण्यासाठी बैल मोकळा सोडण्यासारखे आहे. पंपाचे सील तोडून डिझेलचे प्रमाण वाढविणे, क्षमतेबाहेर ट्रॉली भरणे, अस्सल नसलेले भाग बसविणे, ही हमी नाकारली जाण्याची नेहमीची कारणे होत. ती आपण होऊन निर्माण करू नयेत.

दोन महिने आधीची तपासणी

हमी संपण्यास दोन महिने, अथवा सुमारे २०० तास, उरले असताना प्रत्येक मालकाने आपला ट्रॅक्टर एकदा बारकाईने तपासावा. याहून उशीर केल्यास भाग मागविण्यास व दुरुस्तीनंतर चालवून पाहण्यास अवधी राहत नाही. तपासणी पुढीलप्रमाणे करावी :

१. यंत्र धुऊन, पुसून कोरडे करावे आणि दोन दिवस नेहमीचे काम करून पुन्हा पाहावे. इंजिन, गिअरबॉक्स, मागील धुरा व हायड्रॉलिकच्या नळ्या यांपैकी कोठे तेलाचा ओलावा दिसतो ते लिहून ठेवावे.

२. सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी तेलाची पट्टी पाहावी. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरले असण्याचा संभव आहे. अशा वेळी इंजिन सुरू न करता वर्कशॉपला कळवावे. दोन सर्व्हिसिंगच्या दरम्यान किती तेल वरून घालावे लागले, त्याचीही नोंद करावी.

३. धुराचा रंग पाहावा. थंड इंजिन सुरू करताना थोडा वेळ पांढरा धूर येणे वेगळे. पण इंजिन तापल्यावरही निळसर धूर येत राहिल्यास तेल जळत आहे असे समजावे. हलक्या कामातही काळा धूर निघत असल्यास डिझेल पुरवठा किंवा एअर क्लीनर तपासून घ्यावा.

४. अवजार उचलून इंजिन बंद करावे आणि ते किती वेळात किती खाली येते हे दुरून पाहावे. उचललेल्या अवजाराखाली कोणीही जाऊ नये. "लिफ्ट बरोबर नाही" असे मोघम लिहिण्यापेक्षा "दहा मिनिटांत एक वीत खाली येते" असे लिहिलेले अधिक उपयोगी पडते.

५. भार असताना गिअर आपोआप सुटतो काय, क्लच घसरतो काय, दोन्ही ब्रेक जोडून दाबले असता यंत्र एका बाजूस ओढते काय, स्टिअरिंग वाजवीपेक्षा अधिक सैल आहे काय, हे मोकळ्या जागी चालवून पाहावे. रोटाव्हेटर जोडून पीटीओचा आवाजही ऐकावा.

६. दिवे, हॉर्न, बॅटरी चार्ज होते की नाही हे दर्शविणारा दिवा, उष्णतेचा काटा या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी पाहण्यास विसरू नये.

कोकणातील शेतकऱ्यांनी चिखलणीनंतर चाकांच्या धुऱ्याची तेलसीले विशेष काळजीने पाहावीत. कोरडवाहू भागात मळणीची धूळ फार असते. तेथे एअर क्लीनरची व त्याच्या रबरी नळीच्या जोडांची तपासणी अवश्य करावी.

वर्कशॉपमध्ये नेताना

तपासणीत आढळलेल्या गोष्टींची यादी दोन प्रतींत करावी. एक प्रत वर्कशॉपला द्यावी आणि दुसरीवर तारीख, सही व शिक्का घ्यावा. मजकूर लांबलचक असण्याची गरज नाही. तो असा असावा :

"माझा ट्रॅक्टर, इंजिन क्रमांक अमुक, चासी क्रमांक अमुक, खरेदी तारीख अमुक, आज रोजी मीटरप्रमाणे इतके तास चालला आहे. त्यात पुढील दोष दिसत आहेत. यांपैकी पहिल्या दोषाविषयी मी अमुक तारखेस फोनवरून कळविले होते. हे दोष हमीच्या मुदतीत तपासून दूर करावेत आणि केलेल्या कामाची नोंद जॉबकार्डावर करून त्याची प्रत मला द्यावी, ही विनंती."

अर्ज लिहिताना काय दिसते ते लिहावे. कोणता भाग बिघडला याचा निर्णय आपण देऊ नये. तो तज्ज्ञाने करावयाचा आहे, आणि आपला तर्क चुकल्यास मूळ दोष बाजूस राहून भलताच भाग बदलला जातो. जॉबकार्डावर आपली तक्रार आपल्याच शब्दांत उतरली आहे काय, हे सही करण्यापूर्वी वाचावे. ते इंग्रजीत असल्यास वाचून दाखविण्यास सांगावे. दोष केवळ भारी कामातच दिसत असेल, तर फिटरला शेतावर नेऊन किंवा वर्कशॉपच्या आवारात अवजार जोडून तो प्रत्यक्ष दाखवावा. फिटर शेतावर येऊन गेला तरी त्या भेटीचे जॉबकार्ड मागावे. यंत्र परत घेताना प्रत्येक मुद्दा पुन्हा पाहावा आणि दोष कायम असल्यास तसे लिहूनच यंत्र ताब्यात घ्यावे.

दाद कोठे मागावी

"हे हमीत बसत नाही," असे उत्तर मिळाल्यास त्याचे कारण लेखी मागावे. पुष्कळदा लेखी नकार देण्याची वेळ आली की प्रकरणाचा फेरविचार होतो. तरीही न झाल्यास कंपनीच्या ग्राहक विभागाकडे अर्जाची व जॉबकार्डाची प्रत पाठवावी. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते.

एवढ्यानेही काम न भागल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ याचा आधार आहे. हा कायदा जुलै २०२० पासून अमलात आला. ५० लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगापुढे चालते, म्हणजे ट्रॅक्टरची प्रकरणे जिल्ह्यातच चालू शकतात. तक्रारदार ज्या जिल्ह्यात राहतो तेथेच ती दाखल करता येते. वकील दिलाच पाहिजे असे बंधन नाही. खरेदीची रक्कम ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही, आणि ५ ते १० लाखांपर्यंत ते २०० रुपये आहे. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावयास हवी.

ट्रॅक्टर हा धंद्यासाठी घेतला, म्हणून तुम्ही ग्राहकच नव्हे, असा युक्तिवाद कधी कधी केला जातो. त्याने दबून जाण्याचे कारण नाही. स्वतःच्या कष्टाने उपजीविका चालविण्यासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा व्यापारी कारणाची खरेदी मानत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही १९९५ साली हा भेद स्पष्ट केला आहे, आणि २०१२ साली बियाण्यांच्या प्रकरणात शेतकरी हा ग्राहक आहे असा निर्वाळा दिला आहे. पण आयोगापुढेही अखेर प्रश्न येतो तो पुराव्याचा. तेथे शपथेवर सांगितलेल्या दहा आठवणींपेक्षा मुदतीतल्या तारखेचे एक जॉबकार्ड अधिक वजनदार ठरते.

आपले कर्तव्य

आता थोडे आपल्या खात्याविषयी. यांत्रिकीकरणाच्या योजनांतून आपण अवजारांसाठी अनुदान देतो. अर्ज ऑनलाइन येतात, पूर्वसंमती दिली जाते, यंत्र आल्यावर मोका तपासणी होते, छायाचित्र काढले जाते आणि रक्कम खात्यावर जमा झाली की आपल्या लेखी प्रकरण संपते. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र ते त्या दिवशी सुरू होते. बियाणे देऊन उगवण न पाहणाऱ्या कार्यकर्त्यास आपण चांगला म्हणत नाही. मग यंत्र देऊन पुढे त्याकडे न पाहणे कसे योग्य ठरेल?

कोणी म्हणेल, आधीच कामाचा बोजा अफाट आहे, त्यात ही नवी भर कशाला? ही अडचण खरी आहे. मी स्वतः ती रोज अनुभवतो. पण मी सुचवितो ते काम फार मोठे नाही. प्रत्येक ग्रामकार्यकर्त्याने आपल्या गावातील नव्या ट्रॅक्टरांची व मोठ्या अवजारांची यादी करावी आणि प्रत्येकापुढे हमी संपण्याची तारीख व तास लिहून ठेवावेत. वर्षातून दोनदा, खरिपापूर्वी आणि रब्बीपूर्वी, या मालकांना चावडीवर किंवा शाळेच्या पटांगणात एकत्र बोलवावे. इंग्रजी हमीपत्रातील अटी त्यांना मराठीत समजावून द्याव्यात, वर दिलेली तपासणी करवून घ्यावी आणि अर्ज तेथेच लिहवून घ्यावेत. विक्रेत्याच्या वर्कशॉपमधील फिटरलाही त्या दिवशी बोलवावे. दहा ट्रॅक्टर एका जागी तपासावयास मिळणार असतील, तर तो आनंदाने येईल. गावातल्या व्हॉट्सॲप समूहावर पावसाचा अंदाज जसा आपण टाकतो, तशीच हमीच्या मुदतीची आठवणही टाकता येईल.

शेतकरी बंधुभगिनींनो, आपण पिकाची कापणी एक दिवस लांबवत नाही, कारण पाऊस कोणासाठी थांबत नाही हे आपण जाणतो. हमीच्या तारखेचेही तसेच आहे. आज सायंकाळी दिवेलागणीनंतर फळीवरचे सर्व्हिस बुक खाली काढा, खरेदीची तारीख पाहा, मीटरवरचे तास पाहा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा. मुदत उरली असेल तर यंत्रात खुपणारी प्रत्येक गोष्ट त्यांच्याखाली मांडा आणि तो कागद घेऊन शोरूमला जा.